पोरीला दुसऱ्यांदा विचारा

आम्ही हैदराबादेत तारनाक्याला भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा घरमालकीण बाईंनी बाबांना पगार विचारला नाही. आईला मटण-मासे करता का, हेही विचारलं नाही. त्या सरळ माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तू आधी रुसायची जागा बघून घे. ती पसंत पडली तर पुढचं बोलू." मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि इतकी कामाची गोष्ट मला त्याआधी कुठल्याच मोठ्या माणसाने सांगितली नव्हती. मी सगळं घर फिरले. पडद्यामागे उभी राहून पाहिलं, बाल्कनीचं दार लावून पाहिलं आणि शेवटी जिन्याखालचा कोपरा निवडला. तिथे केरसुण्या, रंगाचे रिकामे डबे आणि एक मोडका पंखा पडला होता. बाईंनी कामवालीला हाक मारली आणि ते सगळं तिथल्या तिथे बाहेर काढायला लावलं.

आईबाबांना ती गंमत वाटली. पण पुढच्या दिवाळीत आईने साफसफाईच्या भरात त्या कोपऱ्यात एक बादली ठेवली, तर बाई दुखरे गुडघे घेऊन वरून खाली आल्या, बादली उचलून आईच्या हातात दिली आणि परत जिना चढून गेल्या. आईने त्यानंतर तिथे काही ठेवलं नाही.

बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. घरचे लोक जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठी मुलखातले शेतकरी. लहानपणी शाळेसाठी त्या शहरात नारायणगुड्याला आल्या आणि इथल्याच झाल्या, एवढंच त्यांच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायच्या मात्र अशा, की पुण्याहून आलेली माझी आई पहिले सहा महिने नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. 'हो'ला 'हौ' आणि 'नको'ला 'नक्को'. आईला त्या 'बेटा' म्हणायच्या, भाजीवाल्याशी तेलुगूत भांडायच्या आणि भांडण रंगात आलं की दखनी उर्दूत यायच्या. आई बाबांना म्हणायची, ही बाई इंग्रजीची प्राध्यापक कशी असेल? बाबा म्हणायचे, इंग्रजी ऐकलंयस का त्यांचं? ते ऐकलं की वाटतं, ही मराठी कशी बोलत असेल.

त्यांचा विषय एकच. जुन्या इंग्रजी कादंबऱ्या, आणि त्यातही फक्त मुलं. प्रेमप्रकरणं, इस्टेटी, पाऊस-धुकं हे सगळं त्या अंगठ्याने पानं सरकवून मागे टाकायच्या. शाळेतून आले की मी वर जायची. बाई आरामखुर्चीत, मांडीवर जाडजूड पुस्तक, नजर इंग्रजीवर आणि तोंडाने धडाधड मराठी. मध्येच थांबून म्हणायच्या, "आता दोन पानं हा माणूस टेकडीवर उभा राहून विचार करायलाय. करू दे. आपण पोरांकडं जाऊ." मग आम्ही पोरांकडे जायचो. ती पोरं मोठ्या घरात सगळ्यात वरच्या मजल्यावर आयाजवळ ठेवलेली असायची. संध्याकाळी तोंड धुऊन, भांग पाडून त्यांना खाली दिवाणखान्यात आणायचे, पाहुण्यांना दाखवायचे आणि परत वर न्यायचे. मला ते फार भारी वाटायचं. बाई म्हणायच्या, भारी काय त्यात, चांदीची भांडी पण तशीच काढतात आणि तशीच ठेवतात.

घरात कुणी गैरसोयीचं झालं, की इंग्रज लेखक त्याला हिंदुस्थानात पाठवतो, असा त्यांचा सिद्धांत होता. तिकडे तो पटकीने मरतो किंवा पैसे घेऊन परत येतो. मधल्या काळात त्याची पोरं कुणाच्या ताटात जेवतात, ते बघायचं. प्रकरण संपलं की पुस्तकात बोट घालून त्या मला विचारायच्या, "सांग, आज कोण जेवलं नाही?" आणि मला सांगावं लागायचं. मी कधी चुकून म्हटलं की सगळे जेवले, तर त्या मागचं पान उघडायच्या आणि दाखवायच्या की अमक्या मुलीला शिक्षा म्हणून खोलीत पाठवलं होतं, ती अजून खोलीतच आहे, लेखक विसरला असेल, आपण कसं विसरायचं.

आणखी एक भानगड होती ती नात्यांची. इंग्रजीत सगळ्या आँट. बाईंना ते मान्य नव्हतं. पोराला छळणारी ही बाई त्याची नक्की कोण, हे ठरल्याशिवाय त्या पुढे सरकायच्या नाहीत. घर कुणाचं, पैसा कुणाकडून आला, भिंतीवर कुणाच्या बापाची तसबीर आहे, असा तपास चालायचा आणि मग निकाल लागायचा: ही मामी. किंवा ही आत्या, कारण भावाच्या पोराला मारते पण दुसऱ्या कुणाला मारू देत नाही. एकदा कॉलेजात त्यांच्या एका विद्यार्थिनीने परीक्षेच्या पेपरात हे सगळं इंग्रजीत लिहिलं, की सदर आँट ही मामी असल्यामुळे तिचा दोष निम्मा धरावा, बाकीचा मामाचा. परीक्षकाने तिचे गुण कापले. बाई त्या परीक्षकाच्या घरी गेल्या आणि मामाचा दोष पटवून देईपर्यंत उठल्या नाहीत. गुण वाढले नाहीत, पण परीक्षकाच्या बायकोने त्यांना पुन्हा या म्हणून सांगितलं.

रविवारी त्या मला आबिड्सला न्यायच्या. तिथली दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते, रस्ते खणलेले, बस रांगत जायची. बाई बसमध्ये उभ्या राहूनसुद्धा कुरकुर करायच्या नाहीत. फुटपाथवर मात्र पुस्तकं घेताना त्यांच्याइतकी चिकित्सा मी पुढे कधी साडी घेतानाही कुणी केलेली पाहिली नाही. पुस्तकवाल्याला त्यांची परीक्षा माहीत झाली होती. तो एखादं पुस्तक पुढे करून म्हणायचा, "अम्मा, इसमें बच्चा है, मगर गरीब है." बाई विचारायच्या, "गरीब है तो क्या हुआ, मुँह खोलता क्या?" तो बिचारा काय सांगणार. मग बाई तिथेच दगडावर बसून पोराचं पहिलं बोलणं शोधायच्या. पोरगं उलट बोलणारं निघालं तर पुस्तक पिशवीत. नुसतंच सोसणारं असलं तर जरा वेळ हातात धरून ठेवायच्या, आणि मग बहुतेक वेळा तेही घ्यायच्या.

खरं तर बाईंच्या घरातल्या पुस्तकांत त्या सोसणाऱ्यांचीच संख्या जास्त होती. गोड, शहाणी, आजारी पोरं. स्वतःची भाकरी दुसऱ्याला देणारी. मला तीच आवडायची. बाई उलट बोलणाऱ्या पोरांची पानं रंगवून सांगायच्या आणि मी मनातल्या मनात दुसरीकडेच असायची. फिकट चेहऱ्याने खिडकीशी बसलेली, सगळ्यांना माफ करणारी एखादी मुलगी असायची, तिच्याजवळ. बाईंच्या हे लक्षात आलं नव्हतं.

त्यांचा हट्ट फक्त पुस्तकांपुरता नव्हता. एकदा आई आजारी होती आणि बाबा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, म्हणून शाळेच्या पालकसभेला बाई गेल्या. आमच्या शाळेत पद्धत अशी, की पालक आत खुर्चीवर आणि मुलं बाहेर व्हरांड्यात. बाई आत गेल्या, शिक्षिकेसमोर बसल्या आणि बोलेचनात. शिक्षिका म्हणाल्या, विचारा ना काय विचारायचंय ते. बाई म्हणाल्या, जिच्याबद्दल बोलायचंय ती आली की बोलू. तिला खुर्ची द्या. मागे पालकांची रांग लागली, कुणीतरी घड्याळ दाखवलं, कुणी तेलुगूत काहीतरी टोमणा मारला. बाई मांडीवर पर्स ठेवून शांत बसून होत्या. शेवटी मला खुर्ची मिळाली. माझ्या गणिताबद्दल जे काही वाईट होतं ते मी स्वतः कानांनी ऐकलं आणि रस्ताभर त्याबद्दल रडले. बाईंनी समजूत घातली नाही. निदान तुझ्यासमोर तर बोलल्या, एवढंच म्हणाल्या.

मी दहा वर्षांची असताना बाबांना कंपनीने मलेशियाला पाठवायचं ठरवलं. दोन वर्षं, कदाचित तीन. माझा भाऊ तेव्हा नुकता चालायला लागला होता. तो आणि आई बाबांबरोबर जाणार, आणि मी पुण्याला काका-काकूंकडे राहणार, असं घरात शिजत होतं. म्हणजे माझी शाळा बुडणार नाही, नवी भाषा नको, नवा अभ्यासक्रम नको. यात कुणी दुष्ट नव्हतं. काका म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस आणि काकूचा माझ्यावर जीव. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. फोन आला की आई म्हणायची, जा, जरा बाईंकडे जाऊन बस. मुलांना अशा वेळी सगळं कळतं, ते तसं मलाही कळलं.

आणि, काय सांगू, मला ते थोडं आवडायलाही लागलं होतं. ट्रंक, आगगाडी, स्टेशनवर सगळे रडतायत आणि मी मात्र नाही. काकूच्या घरात खिडकीशी बसलेली मी. रात्री उशीत तोंड घालून मी खरं रडायची, आणि सकाळी आरशात बघून फिकट दिसते का ते तपासायची.

काका पुण्याहून सगळं पक्कं करायला आले तो शनिवार होता. मला वर पिटाळलं. बाईंनी पुस्तक उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. "खाली काय बोलायलेत?" मी सगळं सांगितलं. अगदी गोष्टीसारखं, ठसक्यात, कारण बरेच दिवस मनात घोळवलेलं होतं. बाई ऐकत होत्या. मला वाटलं त्या विचारतील, कोण जेवलं नाही. त्यांनी चपला घातल्या, माझं मनगट धरलं आणि जिना उतरायला लागल्या.

खाली चहा झाला होता. बाबा, आई, काका आणि आईच्या मांडीवर बाळ. बाईंना पाहून सगळे उठले. बाई खुर्चीत बसल्या, मला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "हिच्याबद्दल बोलायलात, तर ही इथं बसंल."

काका हसून म्हणाले, अहो बाई, लहान आहे ती, तिला काय कळतंय? बाई म्हणाल्या, तिला कळावं म्हणूनच तिच्यासमोर बोला, आणि मग तिला विचारा. बाबांना राग आला होता, पण घरमालकीण आणि वयाने मोठी, म्हणून ते गप्प राहिले. आई बाळाला थोपटत होती, ते झोपलेलं असूनही. मग बाबांनी घसा साफ केला. सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "तुला काकांकडे राहायला आवडेल ना?"

"ते 'ना' काढून विचारा," बाई म्हणाल्या.

बाबांनी ते काढून विचारलं. माझी वेळ आली होती. मी पाठ ताठ केली आणि म्हणाले, "मी राहीन. तुम्ही माझी काळजी करू नका. बाळाला तुमची जास्त गरज आहे."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने ओढणी तोंडाला लावली. बाबा म्हणाले, किती समजूतदार आहे माझी मुलगी, आणि त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्याचं स्पष्ट दिसलं. खोलीत सगळ्यांना बरं वाटत होतं. फक्त बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या इतका वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, की मला वाटलं माझं काहीतरी चुकलं.

"हे हिचं बोलणं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "हे मी हिला वाचून दाखवलेलं आहे. असं बोलणारी पोरं त्या पुस्तकांत शेवटापर्यंत जगत नाहीत. लेखकाला लै आवडतात ती. मारायला सोयीची पडतात." बाबा काही बोलणार होते, तर बाईंनी हात वर केला. आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. गावाकडचं एखादं पोर शहरातल्या नातेवाइकाकडे शिकायला ठेवायची त्यांच्याकडे रीतच होती. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना नारायणगुड्याला चुलत्याच्या दारात उभं करून विचारलं होतं, राहशील का. त्या हौ म्हणाल्या. सगळ्यांनी पाठ थोपटली, वडील संध्याकाळच्या गाडीने परत गेले. "माझी चुलती वाईट नव्हती," बाई म्हणाल्या. "वाटीभर काही कमी केलं नाही तिनं. पण पातेल्यात काय उरलं ते बघून जेवायची सवय मला लागली, ती अजून जात नाही. मला विचारलंच नाही असं मी म्हणू शकत नाही. विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. पोरीला दुसऱ्यांदा विचारा."

मग आईने विचारलं. अगदी हळू. "तुला काय हवंय, राणी?"

माझी ताठ पाठ कुठे गेली कोण जाणे. मी बाईंच्या पदराचं टोक धरलं आणि म्हणाले, "मला बाईंकडे राहायचंय."

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यात आधी काका सावरले. ते व्यवहारी माणूस. म्हणाले, खरंच की, शाळा तीच, घर तेच, वरचा मजला काय आणि खालचा काय. बाबाही विचार करायला लागले. आईने बाईंकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत इतकी आशा होती की ती मला आजही आठवते. ती म्हणाली, मॅडम, तुमची हरकत नसेल तर. बाईंच्या घरात किती खोल्या रिकाम्या आहेत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्या एकट्या जेवतात हेही माहीत होतं. बाईंनी माझ्या मुठीतल्या पदराकडे पाहिलं. त्यांचा हात माझ्या डोक्याकडे आला आणि परत गेला.

"नक्को," त्या म्हणाल्या. "मी कुणाची पोर ठेवून घेत नाही." त्यांनी माझी बोटं एकेक करून पदरावरून सोडवली. "आता परत विचारा. आता तिला बोलायला चांगलं असं काही उरलं नाही."

विचारायची वेळच आली नाही. मी एकदम भोकाड पसरलं. आजवरच्या कुठल्याच पुस्तकात कुठलीच मुलगी इतकं कुरूप रडली नसेल. मी आईच्या अंगावर झेप घेतली, बाळ जागं होऊन किंचाळायला लागलं, आणि मी त्याच्यावर ओरडले, "ह्याला ठेवा ना पुण्याला. ह्याला काय कळतंय? मला का ठेवता? मी आधी आलेय." काका थक्क. बाबा उभे राहिले. आईने मला आणि बाळाला दोघांनाही एकाच मिठीत इतकं घट्ट धरलं, की आमची डोकी एकमेकांवर आपटली.

"हां," बाई म्हणाल्या. "हे हिचं."

त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून दाराकडे गेल्या. बाबा त्यांना सोडायला दारापर्यंत गेले. काय बोलले ते मला कळलं नाही. पण त्या रविवारी काका एकटेच पुण्याला परत गेले, आणि पुढच्या महिन्यात मलेशियाचं माझंही तिकीट निघालं. तिथली शाळा मला बिलकुल आवडली नाही, गणित आणखी बिघडलं, भाषा वर्षभर कळली नाही. शाळेबाबत मोठ्यांचं म्हणणं तसं बरोबरच होतं. आता मी स्वतः नोकरी करते, ऑफिसातल्या लोकांना मुलांना कुठे ठेवायचं याची गणितं करताना ऐकते, आणि बहुतेक वेळा त्यांचंही बरोबरच असतं.

पण जाईपर्यंत मी बाईंवर रुसले होते. जिन्याखाली बसायची आणि त्या उतरल्या की तोंड फिरवायची. आईला पटलं, बाबांना पटलं, मला ते 'नक्को' काही पटत नव्हतं. बाईंनी समजूत घातली नाही. रुसायची जागा त्यांनीच दिली होती, त्यांना त्या जागेचा मान ठेवणं भाग होतं.

निघायच्या दिवशी सामान टॅक्सीत चढत होतं. बाई खाली आल्या, आणि गुडघ्यांचं काही न बघता माझ्याशेजारी जिन्याखाली जमिनीवर बसल्या. मग मीच विचारलं, "तुम्हाला मी नको होते?"

"हवी होतीस," बाई म्हणाल्या. "लै हवी होतीस. त्या दिवशी हौ म्हणायला माझ्या तोंडात शब्द आला होता. पण कुणाला तरी हवी होती म्हणून ठेवून घेतलेली पोरं मी जन्मभर वाचलीत बेटा. त्यांत तुला नाही बघवणार मला."

बाहेरून बाबांनी हाक मारली. मी उठले. बाईंना एकटीने उठता येईना, म्हणून मी हात दिला आणि त्यांना उठवलं.